अडकणारे बोट, तेलमालिश आणि इंजेक्शन : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

मिटलेले बोट अडकते आणि जोर दिल्यावर खटकन उघडते, त्या अडकणाऱ्या बोटावरील माझ्या लेखाविषयी आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. मालिशीला विरोध करून मी लोकांना इंजेक्शनकडे ढकलते, त्यातल्या स्टिरॉइडने शिरा कमजोर होतात, आपल्या आईंचे मधले बोट मालिशीनेच मोकळे झाले होते, आणि हजार विड्यांमागे ठरलेल्या मजुरीवर विड्या वळणाऱ्या बाईला विश्रांतीचा सल्ला देणे निरर्थक आहे, असे आपले चार आक्षेप आहेत. यातला शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाईचा हात पान कातरण्यापासून दोरा बांधण्यापर्यंत क्षणभरही थांबत नाही, आणि तो थांबला तर त्या दिवसाची मजुरीही थांबते. अशा बाईला सहा आठवडे काम सोडा असे सांगणारा सल्ला कागदावरच राहणार, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच मी रात्रीच्या स्प्लिंटवर भर दिला होता. बोटाच्या मुळाशी असलेला सांधा झोपेत सरळ ठेवणारी ही छोटी पट्टी दिवसाच्या कामाच्या आड येत नाही. रात्री बोट मुडपून राहते आणि सकाळी सर्वाधिक अडकते, तो त्रास तिने बऱ्याच जणींचा कमी होतो. मात्र ती काही आठवडे नेमाने वापरावी लागते, आणि दुखणे जुने झाले असेल तर तिचा उपयोग मर्यादित असतो.

आता मालिशीविषयी. बोट मिटवणाऱ्या कंडरा, ज्यांना आपण सगळे शिरा म्हणतो, एका आवरणातून सरकतात आणि त्या आवरणावर ठिकठिकाणी घट्ट पट्टे असतात. तळहातावर बोटाच्या मुळाशी असलेला पहिला पट्टा जाड झाला किंवा तिथेच कंडरेला गाठ आली, की सुईच्या नेढ्यात दोरा अडावा तशी कंडरा अडते आणि जोर दिल्यावर खटकन सुटते. दुखते मात्र बहुधा बोटाच्या मधल्या सांध्यात, आणि त्यामुळे मालिशही तिथेच होते. आईंना आराम पडला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण अनेकांचे असे बोट काही महिन्यांत कोणत्याही उपचाराविना मोकळे होते, तेव्हा त्याचे श्रेय तेलाला देता येईलच असे नाही. हलक्या हाताने तेल लावण्याला माझा आक्षेप कधीच नव्हता. आक्षेप आहे तो अडकलेले बोट झटका देऊन उघडण्याला, आणि त्याहून अधिक, बोटाला नेमके काय झाले आहे हे न पाहता चोळायला घेण्याला.

कारण न मिटणारे किंवा न उघडणारे प्रत्येक बोट या एकाच दुखण्याचे नसते. गादीखाली चादर खोचताना बोटाचे टोक दुमडले आणि तेव्हापासून शेवटचे पेर खाली लोंबते, दुसऱ्या हाताने उचलले तर सरळ होते पण सोडताच पुन्हा पडते, अशा वेळी बोट उघडणारी कंडरा टोकाशी तुटलेली असते किंवा हाडाचा कपचा घेऊन निघालेली असते. तिथे एक्स-रे हवा, आणि बहुतेकांना ते पेर सहा ते आठ आठवडे रात्रंदिवस सरळ बांधून ठेवावे लागते. मध्ये एकदा जरी ते वाकू दिले तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अशा बोटाला मालिश करणे म्हणजे जुळू पाहणारी कंडरा रोज नव्याने तोडणे होय.

कात्रीने किंवा काचेने तळहाताच्या बाजूला जखम झाली असेल, तर केवळ कातडीला टाके पडले म्हणून समाधान मानू नये. मधले पेर धरून टोक वाकवायला सांगावे. ते वाकत नसेल तर आतली खोल कंडरा तुटली असण्याची दाट शक्यता असते, आणि तिची शिवण पहिल्या काही दिवसांत झाली तरच हात चांगला चालतो, कारण उशीर झाला तर तुटलेले टोक तळहाताकडे आखडते. आणि काटा किंवा सुई टोचल्यानंतर संपूर्ण बोट सुजले, ते अर्धवट वाकलेलेच राहू लागले, तळहाताच्या बाजूने लांबीभर दुखू लागले आणि कोणी जरा सरळ करताच कळ मस्तकात गेली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता सिव्हिल हॉस्पिटल गाठावे. आवरणात पू झाला तर कंडरा फार लवकर खराब होते.

स्टिरॉइडची आपली भीती अनाठायी नाही. सांधेदुखीवर त्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊन शरीराची हानी करून घेतलेली माणसे आपल्या आसपास आहेत. पण बोटाच्या इंजेक्शनातले औषध थोडे असते आणि ते कंडरेत नव्हे, तर तिच्याभोवतीच्या आवरणात दिले जाते. त्याने कंडरा तुटण्याचे प्रकार घडले आहेत, पण ते अगदी विरळ आहेत, आणि म्हणूनच एका बोटाला दोन-तीनपेक्षा अधिक वेळा ते सहसा देत नाहीत. अर्ध्याहून अधिक रुग्णांना त्याने आराम पडतो. त्यानंतरही बोट अडकतच राहिले तर जागेपुरती भूल देऊन तो पट्टा मोकळा करता येतो. ही शस्त्रक्रिया लहान आहे आणि रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जातो.

आपण शेवटी लिहिले आहे की आईंना मधुमेह आहे आणि आता त्यांचे दुसऱ्या हाताचे अनामिकेचे बोटही अडकू लागले आहे. मधुमेहात हे दुखणे अधिक आढळते, एकाहून अधिक बोटांना होते आणि इंजेक्शनचा गुण तुलनेने कमी येतो, त्यामुळे यावेळी केवळ मालिशीवर थांबू नका. आधी साखर तपासून घ्या आणि मधुमेहाची गोष्ट हात तपासणाऱ्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. इंजेक्शन घ्यायचे ठरलेच, तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते हे लक्षात ठेवून ती रोज पाहा, आणि त्या दिवसांत आईंची औषधे कशी द्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.