वस्त्रदालनातील पाट्यांविषयी आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या महाल भागातील आमच्या वस्त्रदालनाला दोन तारे देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. तिकीट काढूनही साडीशेजारी जेमतेम चार ओळींची पाटी मिळते, तीत साडीचे नाव अगदी शेवटी येते, उजेड अपुरा आहे आणि ‘विणकराचे नाव उपलब्ध नाही’ ही ओळ पुन्हा पुन्हा वाचून कंटाळा येतो, असे आपले आक्षेप आहेत.

उजेडाचे आधी सांगतो. रेशमाचा आणि सुती कापडाचा रंग प्रकाशाने विटतो आणि एकदा विटलेला रंग परत येत नाही. म्हणून जुन्या वस्त्रांवर साधारण ५० लक्सच्या वर उजेड नसावा, असा संग्रहालयांचा रूढ दंडक आहे व तो आम्ही पाळतो. ठळक अक्षरांत छापलेला पाट्यांचा संच तिकीट खिडकीवर मागितल्यास मिळतो.

पाट्या आखूड ठेवल्या आहेत त्या मात्र जाणूनबुजून. मजकूर वाढला की माणूस पाटी वाचतो आणि काचेआडच्या वस्तूकडे ओझरते पाहून पुढे सरकतो. आपण उल्लेख केलेल्या साडीची पाटी अशी सुरू होते: ‘काठ जिथे अंगाला मिळतो, तिथे पाहा. करवतीच्या दात्यांसारखी ही नक्षी छापलेली नाही. अंगाचा आणि दोन्ही काठांचा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी नेऊन एकमेकांत गुंतवला आहे.’ हे वाचून माणूस काचेजवळ जातो, दाते न्याहाळतो आणि मग नावाकडे येतो. हीच पाटी ‘करवतकाठी साडी, टसर, विदर्भ’ अशी सुरू झाली असती, तर ‘ही तर आमच्या आजीकडे होती’ म्हणत निम्मे नागपूरकर तिथूनच वळले असते. ऐन व अर्जुनाच्या झाडांवर वाढणारे टसर रेशमाचे कोश, ते जोपासणारा भंडारा-गडचिरोलीकडील ढिवर समाज, साडीला मिळालेले भौगोलिक मानांकन, हे सारे दाराजवळच्या मोठ्या फलकावर आहे. तेच प्रत्येक साडीखाली पुन्हा लिहिणे आम्हाला अनावश्यक वाटते.

विणकराविषयीच्या ओळीबाबत आमचे मत अधिक ठाम आहे. बाल्टिमोर येथील मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत १९९२ साली फ्रेड विल्सन या कलावंताने तिथल्याच संग्रहातील चांदीची नक्षीदार भांडी आणि गुलामांच्या बेड्या एकाच कपाटात मांडल्या आणि खाली एवढेच लिहिले: ‘धातुकाम, १७९३–१८८०’. बेड्या त्या संग्रहातल्याच होत्या. पण त्या कोरड्या ओळीने भांड्यांकडे पाहण्याची नजर बदलली. पाटीवर काय लिहायचे याइतकेच काय गाळायचे, यानेही प्रदर्शनाचा अर्थ ठरतो. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली, तिच्या मालकांचे, टाटांचे, नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. हातमागावर आयुष्य काढलेल्या हलबा-कोष्टी विणकरांची नावे मात्र कुणी टिपून ठेवली नाहीत. आमच्याकडे आलेल्या बहुतेक साड्यांसोबत विकणाऱ्या पेढीचे किंवा देणाऱ्या घराण्याचे नाव आले, विणणाऱ्याचे आले नाही. ती जागा गुपचूप मोकळी सोडली, तर साडी जणू दुकानाच्या फळीवरच जन्मली असे वाटेल. कंटाळा येईल इतक्या वेळा ती ओळ दिसते, कारण तितक्या वेळा ते नाव हरवले आहे.

त्या ओळीचा उपयोगही झाला आहे. गोळीबार चौकाकडून आलेल्या एका गृहस्थांनी ती वाचून घरी जपलेली आजोबांची मजुरीची वही आणून दाखवली. साडीच्या काठाचा नमुना आणि वहीतील नोंद जुळल्यावर एका पाटीवरून ती ओळ निघाली व तिथे त्यांच्या आजोबांचे नाव आले. आपल्या किंवा परिचितांच्या घरी अशा वह्या, पावत्या असल्यास अवश्य कळवावे.

आपला,
दालनचालक