बायो म्हणजे नुसतं पाठांतर? त्या पाच ओळींचं काय चुकतंय ते बघू

परीक्षा जवळ आली की एक मेसेज फिरायला लागतो, तुमच्याकडेही आला असेल. बायो म्हणजे निव्वळ पाठांतर, लॉजिक शोधत बसू नका, बायोमॉलिक्यूल्स, सेल आणि जेनेटिक्स या तीन चॅप्टरचा एकमेकांशी काही संबंध नाही, खालच्या पाच ओळी घोका आणि मोकळे व्हा, असं त्यात लिहिलंय. मला याचा खरंच त्रास होतो, कारण जी मुलं मनापासून रिव्हिजन करतायत त्यांच्यापर्यंतच हे पोचतं, आणि त्या पाचपैकी एकही ओळ धड बरोबर नाही. एकेक घेऊ.

पहिली ओळ, "सगळी एन्झाइम्स प्रोटीन असतात". बहुतेक असतात, सगळी नाही. काही आरएनए स्वतःच रिअ‍ॅक्शन घडवून आणतात, त्यांना रायबोझाइम म्हणतात, आणि आरएनएचा हा गुण शोधल्याबद्दल थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. आणि हा कुठला तरी कोपऱ्यातला अपवाद नाहीये, रायबोझोममध्ये अमिनो अ‍ॅसिड एकमेकांना जोडायचं मुख्य काम आरएनएच करतो, म्हणजे प्रोटीन तयार होतं तेच मुळात आरएनएच्या जोरावर. "सगळी"च्या जागी "बहुतेक" लिहा, ओळ बरोबर होते.

दुसरी, "प्राण्यांच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया, झाडांच्या पेशीत क्लोरोप्लास्ट". ही ओळ सगळ्यात जास्त नुकसान करते. झाडांच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतातच, कारण क्लोरोप्लास्ट साखर बनवून देतं पण त्या साखरेतून पेशीच्या रोजच्या कामासाठी एटीपी, म्हणजे पेशी एनर्जीसाठी वापरते तो रेणू, काढायला मायटोकॉन्ड्रियाच लागतात. मुळाची पेशी घ्या, जमिनीखाली उजेड नाही, त्यामुळे तिथे फोटोसिंथेसिस नाही, ती पेशी पूर्णपणे पानांकडून आलेल्या साखरेवर आणि स्वतःच्या मायटोकॉन्ड्रियावर जगते. हे एकदा डोक्यात बसलं की "झाडं फक्त रात्री श्वसन करतात" हा गैरसमजही आपोआप जातो, झाडं चोवीस तास श्वसन करतात, भर उन्हात फोटोसिंथेसिसचा वेग त्यापेक्षा बराच जास्त असतो म्हणून एकूण हिशोबात ऑक्सिजन बाहेर पडतो एवढंच.

तिसरी, "डीएनए फक्त न्यूक्लियसमध्ये". नाही. मायटोकॉन्ड्रिया आणि क्लोरोप्लास्ट या दोघांकडे स्वतःचा डीएनए असतो, माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातला १६,५६९ बेस पेअरचा आहे आणि त्यात ३७ जीन्स आहेत. बॅक्टेरियात तर न्यूक्लियसच नसतो, तरी डीएनए असतोच.

चौथी, "एटीपीचा बाँड तुटला की एनर्जी बाहेर पडते". हे इतक्या ठिकाणी असंच लिहिलेलं असतं की चूक आहे हे लक्षातच येत नाही. बाँड तोडायला नेहमी एनर्जी लागते, नवा बाँड तयार होताना ती सुटते, केमिस्ट्रीत आपण हेच शिकतो आणि बायोत आलो की विसरतो. एटीपीत तीन फॉस्फेट ओळीने असतात, तिघांवर निगेटिव्ह चार्ज, ते एकमेकांना ढकलत असतात. पाण्याच्या रेणूसोबत रिअ‍ॅक्शन होऊन शेवटचा फॉस्फेट सुटा होतो तेव्हा नवे बाँड बनतात, ती ढकलाढकल कमी होते आणि जे तयार होतं ते, म्हणजे एडीपी आणि फॉस्फेट, आधीपेक्षा जास्त स्टेबल असतं. एनर्जी मिळते ती या सगळ्या फरकातून. नुसत्या तुटण्यातून नाही.

पाचवी, "डॉमिनंट म्हणजे ताकदवान जीन, जास्त लोकांत तोच दिसतो". डॉमिनंट या शब्दाचा अर्थ फक्त एवढाच की एक कॉपी असली तरी गुण दिसतो, किती लोकांत आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. हाडांची वाढ खुंटवणारा अकाँड्रोप्लेजिया डॉमिनंट आहे आणि दुर्मिळ आहे, उलट ओ ब्लड ग्रुप रिसेसिव्ह आहे, म्हणजे दोन्ही कॉपी तशाच असतील तरच दिसतो, आणि जगात सगळ्यात जास्त लोकांचा तोच आहे. याच ओळीत जीभ गोल करता येण्याचं उदाहरण दिलंय, एक जीन, डॉमिनंट, विषय संपला. ते १९४० मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी मांडलं होतं, पण १९५२ मध्ये असे आयडेंटिकल जुळे सापडले ज्यांच्यातल्या एकाला जमतं आणि दुसऱ्याला नाही, आणि पुढे स्टर्टेव्हंट यांनीच आपलं म्हणणं सोडून दिलं. तरी ते उदाहरण अजून शिकवलं जातंय, आणि आपल्याला जीभ वळवता येते पण आईबाबांना येत नाही म्हणून मुलं उगाच नको त्या शंका घेतात, हे मला फार वाईट वाटतं.

आता मूळ दावा, तीन चॅप्टरचा संबंध नाही हा. मेंडेलचा तो सुरकुतलेला वाटाणा बघा. मेंडेलला दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, जवळजवळ ३:१, हे आपण घोकतो. पण दाणा सुरकुततो कशामुळे? १९९० मध्ये कळलं की त्या जीनमध्ये साधारण ८०० बेसचा एक जास्तीचा तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे स्टार्चला फांद्या फोडणारं एक एन्झाइम नीट बनत नाही, स्टार्च कमी तयार होतो, साखर तशीच साठून राहते, साखर जास्त म्हणून ऑस्मोसिसने दाण्यात पाणी जास्त शिरतं, दाणा फुगतो, आणि पिकून वाळताना ते पाणी निघून गेलं की साल सैल पडून सुरकुत्या येतात. एका दाण्यात जीन, एन्झाइम, कार्बोहायड्रेट, ऑस्मोसिस सगळं आलं. आणि गोल डॉमिनंट का तेही इथेच कळतं, चांगली एक कॉपी असली तरी दाणा गोल राहण्यापुरतं एन्झाइम बनतं. गोल जीन दुसऱ्याला दाबत वगैरे काही नाही.

हेच सिकल सेल या रक्ताच्या आजाराला लावून बघा, रिव्हिजन म्हणून वहीत स्वतः लिहून काढा. हिमोग्लोबिनचा एक भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये एक बेस बदलतो, जीएजीचं जीटीजी होतं, सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, व्हॅलिन पाण्यापासून लांब राहू पाहणारं, त्यामुळे ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि लाल पेशी वाकडी होते. ज्याच्याकडे एकच बदललेली कॉपी आहे त्याला सहसा आजार होत नाही, म्हणून आजार रिसेसिव्ह म्हणायचा, पण त्याचं रक्त तपासलं तर दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन सापडतं, म्हणजे प्रोटीनच्या पातळीवर तीच जोडी कोडॉमिनंट. एकच जीन, आणि उत्तर तुम्ही कुठल्या पातळीवर बघताय त्यावर बदलतं. पाचव्या ओळीत हे कुठेच बसत नाही.