एक्का-राजा म्हणजे ६७ टक्के जिंकला असं नाही हो!

टेक्सास होल्डम पोकरबद्दल (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच) ग्रुपमध्ये फिरतंय ते वाचलं, "एकाच रंगाचे एक्का-राजा आले की ६७ टक्के जिंकलात, डोळे झाकून ऑल-इन करा", म्हणजे सगळ्या चिप्स लावा. (एकाच रंगाचे म्हणजे दोन्ही बदाम किंवा दोन्ही इस्पिक, असे.) आकडा खोटा नाहीये, पण तो समोर कुठलीही दोन पानं असतील तर आहे, आणि खरं सांगा, तुमच्या ऑल-इनला सत्ती-दुर्री घेऊन कोण कॉल करतो, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून भिडतो? जो करतो त्याच्याकडे बहुतेक जोडी असते.

समोर राण्यांची जोडी असेल तर एकाच रंगाचे एक्का-राजा साधारण ४६ टक्के, वेगळ्या रंगाचे ४३, राजांची जोडी असेल तर ३०-३४, आणि एक्क्यांची जोडी निघाली तर विषयच संपला राव. अगदी दुर्रीची जोडी असली तरी वेगळ्या रंगाचे एक्का-राजा ४७ च्या आसपासच, कारण टेबलावरच्या पाच पानांत एक्का किंवा राजा निदान एकदा यायचा चान्स जेमतेम ५० टक्के आहे आणि आला तरी तिसरी दुर्री पडून घोळ होऊ शकतो.

मला आवडणारी गंमत म्हणजे बदाम गुलाम-बदाम दश्शी त्याच दुर्रीच्या जोडीला थोडी भारी पडते, स्ट्रेट (ओळीने पाच पानं) आणि फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) लागायचे रस्ते जास्त ना, पण वेगळ्या रंगाच्या एक्का-राजापुढे तीच साधारण ४० टक्क्यांवर येते. म्हणजे तिघांचं गोल चक्कर. त्यामुळे समोर काय आहे हे धरल्याशिवाय "एवढे टक्के" म्हणण्यात अर्थच नाही, आणि हो, एका रंगाचा फायदा जेमतेम तीनेक टक्के असतो, लोक उगाच त्याचा बाऊ करतात.