बिनपात्यांचा पंखा आणि 'आपसूक' येणारी हवा

तुम्ही हा मुद्दा मांडलात ते बरं झालं. तेवढाच वारा द्यायला बिनपात्यांचा पंखा साध्या टेबल फॅनपेक्षा जास्त वीज खातो, असं मी लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की यंत्र जेमतेम एक भाग हवा ढकलतं, बाकीची पंधरा भाग आजूबाजूने आपसूक येते. मग वीज जास्त कशी?

हवा आपसूक येते हे अगदी मान्य, पण तिला वेग कुणीतरी द्यावाच लागतो. बुडातल्या खांबात मोटर आणि इम्पेलर (हवा ढकलणारं पात्यांचं चाक) असतो, म्हणजे पाती आहेतच, फक्त दिसत नाहीत. तिथली हवा वरच्या पोकळ कड्यात चढते आणि मिलिमीटरभर फटीतून जोरात सुटते. समजा, १ भाग हवा सेकंदाला २४ मीटरने सुटली आणि तिने १५ भाग स्थिर हवा सोबत घेतली. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) तेवढाच, वस्तुमान १६ पट, म्हणून वेग उरला दीड मीटर. गतिज ऊर्जा मात्र सोळाव्या हिश्श्यावर आली. बाकीची भोवऱ्यांत आणि शेवटी उष्णतेत गेली. कड्याच्या उतारावरचा दाब थोडी मदत करतो, त्यामुळे प्रत्यक्षातलं नुकसान याहून कमी असतं, पण असतंच. टेबल फॅनचं ४०० मिलिमीटरचं पातं मुळातच भरपूर हवा सावकाश ढकलतं, म्हणून तिथे ही उधळपट्टी फार कमी.

शिवाय आजूबाजूची हवा ओढणं ही काही कड्याची मक्तेदारी नाही. साधा टेबल फॅन लावा आणि पुढच्या जाळीच्या कडेबाहेर, झोताच्या शेजारी, शिवणाचा दोरा लोंबता धरा. तो झोताकडे कलतो.

बोटं अडकण्याचा मुद्दा मी लेखात एका ओळीत उरकला, ती माझी चूक. रांगतं मूल असलेल्या घरात तेवढ्या एका कारणासाठीही बिनपात्यांचा पंखा घ्यावा. झोत एकसारखा लागतो, हेही खरं.

बिनपात्यांचा पंखा 'फडकं फिरवलं की साफ' म्हणतात, ते मात्र कड्यापुरतंच. बुडाच्या बारीक छिद्रांवर लव साचते, वारा मंदावतो; फटीत तंतू अडकला तर शिट्टीसारखा आवाज येतो. प्लग काढून छिद्रांवर व्हॅक्यूमचा ब्रश फिरवा, फटीत कोरडा मऊ ब्रश. पाणी फवारू नका. इम्पेलरवर धूळ बसली की बहुतेक मॉडेल्समध्ये खोलल्याशिवाय हात पोचत नाही.

टेबल फॅनची जाळी क्लिपा काढल्या की सुटते. पात्याच्या नटाचे आटे सहसा उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतो. उलट जोर लावला की प्लास्टिक तडकतं. पंखा नुसता गुणगुणतो आणि पातं फिरवून दिल्यावरच चालू होतो, तर बहुधा कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा छोटा भाग) गेलेला असतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा बसवला की काम झालं. बिनपात्यांच्या पंख्यात त्या जागी अख्खा सर्किट बोर्ड असतो.

खोक्यावर हवेच्या प्रवाहाचा आकडा असेल, तर तो फटीपाशी मोजलाय की कड्यापुढे, एवढं जरूर विचारा. दोन पंख्यांची तुलना करताना सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.