मेलेलं हाड सडत नाही, आणि लगेच पडतही नाही

खुब्याच्या दुखण्यावरचा एक मेसेज कोरोनापासून घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. ओपीडीत अधूनमधून कुणीतरी मोबाइल पुढे करतं, "डॉक्टर, हे खरं का हो?" मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: कोरोनाने हाडं आतून सडायला लागलीत, रक्त थांबलं की हाडाचा भुसा होतो, एक्स-रे चांगला असेल तर निश्चिंत राहा, भरपूर कॅल्शियम आणि तेलाचं मालिश केलं की ९० दिवसांत मेलेलं हाड जिवंत होतं, ऑपरेशन ही निव्वळ लूट आहे. आजाराचं नाव तेवढं बरोबर लिहिलेलं असतं: एव्हीएन, म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस.

"हाड सडतं." सडायला जंतू लागतात. हाडात जंतुसंसर्ग होऊन पू होणं हा वेगळा आजार, त्याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. एव्हीएनमध्ये जंतू नाही, पू नाही, वास नाही. रक्त पोचत नाही म्हणून आतल्या पेशी मरतात, एवढंच. 'सडतंय' हा शब्द ऐकून घाबरलेली माणसं मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खातात. त्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

"रक्त थांबलं की भुसा होतो." सगळ्यात जास्त घोटाळा या वाक्याने केलाय, म्हणून इथे थोडं थांबतो.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जो गोळा असतो, त्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या हाडाच्या मानेला, म्हणजे गोळ्याखालच्या निमुळत्या भागाला, चिकटून वर चढतात. पर्यायी रस्ते जवळपास नाहीतच. मान मोडली, वाहिनी आतून तुंबली किंवा हाडातली चरबी फुगून दाब वाढला, की गोळ्याच्या एका भागाचं रक्त तुटतं. मग रक्त तयार करणाऱ्या मज्जेच्या पेशी ६ ते १२ तासांत मरतात, हाडाच्या पेशी १२ ते ४८ तासांत, आणि चरबीच्या पेशी २ ते ५ दिवसांत. मरण इतकं झटपट असतं, आणि बहुतेकदा पेशंटला त्याची गंधवार्ताही नसते.

पण हाड म्हणजे नुसत्या पेशी नव्हेत. कॅल्शियम-फॉस्फेटचा सांगाडा आणि त्यातले प्रथिनांचे धागे जागच्या जागी असतात. वाड्यातली माणसं गेली तरी भिंती उभ्या राहतात, तसं. त्यावर चालता येतं, जिना चढता येतो. गोळ्यावरची गुळगुळीत कूर्चा तर मरतही नाही, कारण तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं.

मग पडझड कशाने होते? डागडुजीने! मेलेल्या भागाच्या कडेने जिवंत हाडातून नव्या रक्तवाहिन्या आत शिरू लागतात. त्यांच्याबरोबर हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि हाड बांधणाऱ्याही. खोलवर, जुन्या तुळ्यांवर नवं हाड लिंपलं जातं. पण कूर्चेच्या लगेच खाली खाण्याचा वेग बांधण्याच्या वेगाला मागे टाकतो. नवा खांब बसायच्या आधीच जुना काढला जातो आणि वरून शरीराचं वजन रोज पडतच असतं. बारीक बारीक तुळ्या मोडतात, कूर्चेखाली चंद्रकोरीसारखी फट पडते, गोळा पिचतो. मग वाकडा गोळा सांध्याच्या वाटीत, म्हणजे तो बसतो त्या खोबणीत, घासून सांधा झिजतो. पेशी मरण्यापासून इथवर यायला महिने लागतात, कधी वर्षं. तासांत होतं ते मरण. मेसेजने दोन्ही गोष्टी एकत्र कालवल्यात, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की आता करण्यासारखं काही उरलंच नाही.

खुबा बदलताना काढलेला गोळा मी कधी कधी नातेवाइकांना दाखवतो. वरून तो बऱ्यापैकी पांढरा, तुकतुकीत. अंगठ्याने दाबला की एका जागी पिंगपाँगच्या चेपलेल्या चेंडूसारखा आत जातो. तिथली कूर्चा पापुद्र्यासारखी उचलली जाते. खाली पिवळट, खडूसारखं कोरडं हाड, आणि त्याच्या कडेला लालसर पट्टा. लाल पट्टा म्हणजे डागडुजी जिथवर येऊन पोचली होती ती हद्द.

"एक्स-रे चांगला, म्हणजे खुबा चांगला." एक्स-रेला दिसतो तो क्षार. मेलेल्या हाडातला क्षार जागेवरच असतो, मग फिल्मवर काय दिसणार? पुढे जे पांढरे-काळे डाग दिसतात तेसुद्धा जिवंत हाडाच्या हालचालीचे: कुठे नवं लिंपलं, कुठे जुनं खाल्लं. चंद्रकोर दिसली तर पडझड सुरू झाली असं समजायचं. त्याआधीचं दिसतं ते एमआरआयमध्ये, कारण तिथे मज्जेतला बदल कळतो.

दुखणंही फसवं. 'खुबा दुखतोय' म्हणून माणूस कुल्ल्यावर हात ठेवतो, पण खुब्याच्या सांध्याचं दुखणं खरं तर जांघेत येतं. कधी ते सरळ गुडघ्यात उतरतं आणि पेशंट गुडघ्याचे एक्स-रे काढत बसतो. पंगतीत मांडी घालता येईना, पाय आत वळवला की जांघेत कळ येते, आणि एक्स-रे मात्र स्वच्छ, तर एमआरआयचं विचारा.

"कोरोनाने हाडं सडवली." यात खऱ्याचा अंश आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी कोरोनानंतरच्या एव्हीएनचे ३ रुग्ण प्रसिद्ध केले. त्यांना उपचारात सरासरी ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड, मिळालं होतं आणि कोरोनाच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत दुखणं सुरू झालं होतं. एरवी स्टिरॉइडनंतर एव्हीएन दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. ३ रुग्णांवरून सगळ्या गावाला धास्ती घालता येत नाही, पण जास्त स्टिरॉइड घेतलेल्याने जांघेतली कळ अंगावर काढू नये, इतकं त्यातून नक्की निघतं. आणि हो, चालू स्टिरॉइड मनाने एकदम बंद करू नका. ते जिवावर बेतू शकतं.

कोरोनाच्या आधीही कारणं होतीच: दारू, मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते ते ल्युपससारखे आजार. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल. तिथे विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी बारीक वाहिन्या तुंबवतात आणि ऐन तरुण पोरांचा खुबा जातो.

"कॅल्शियम आणि मालिश." मेलेल्या हाडात कॅल्शियम कमी नसतंच. तुटलंय ते रक्त. नाचणी खा, तीळ खा, चांगलंच आहे, पण ते एव्हीएनचं औषध नव्हे. मालिशचा हात जाडजूड स्नायूंच्या वर फिरतो, गोळ्याच्या वाहिन्या त्याच्या कितीतरी आत. मला खरी भीती मेसेजच्या शेवटी सुचवलेल्या 'गुणकारी पुडी'ची वाटते. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. दुखणं दोन दिवसांत पळतं, यात नवल ते काय! पण एव्हीएन ओढवणारं औषधही तेच.

"९० दिवसांत जिवंत." लहान मुलांत खरोखर असं काहीसं होतं. पर्थेस नावाच्या आजारात ४ ते ८ वर्षांच्या पोरांचा गोळा मरतो आणि पुन्हा भरतो, पण त्यालाही २ ते ४ वर्षं जातात. मोठ्यांत मेलेला भाग लहान असेल तर तो कधी कधी न पिचता राहतो. मोठा असेल आणि वजन पेलणाऱ्या जागी असेल तर पिचण्याचीच शक्यता जास्त. हाड खाणाऱ्या पेशींना आवरायला अलेंड्रोनेट नावाचं औषध देतात, पण त्याचे निकाल सगळ्या अभ्यासांत सारखे आलेले नाहीत.

"ऑपरेशन म्हणजे लूट." गोळा पिचायच्या आधी छोट्या छिद्रातून ड्रिल घालून आतला दाब कमी करतात, त्याला कोअर डीकॉम्प्रेशन म्हणतात. पिचल्यावर त्याचा फारसा उपयोग राहत नाही, मग उरतं ते खुबा बदलणं. म्हणजे लहान ऑपरेशनची वेळ तीच, जेव्हा एक्स-रे 'चांगला' असतो आणि मेसेज 'निश्चिंत राहा' म्हणतो.

माझ्याकडे एक ट्रक ड्रायव्हर आला होता, वय चाळिशीच्या आतलं. वर्षभर मालिश आणि पुड्या झालेल्या, उजवा गोळा पूर्ण पिचलेला. एमआरआय दोन्ही खुब्यांचा काढायला सांगितला तर भडकला, "डावा दुखतच नाही, त्याचे पैसे कशाला?" मार न लागता झालेल्या एव्हीएनमध्ये निम्म्याहून अधिक जणांचा दुसरा खुबाही धरलेला असतो. याचाही निघाला, पण न पिचलेला. उजवा बदलला, डाव्यात ड्रिल केलं. परवा तपासणीला आला तेव्हा डावा गोळा अजून गोल होता.