हलगी, वाकळ आणि मायनस चौदा

गाण्याचं मास्टरिंग करून देताना आपण फुकटचं सॉफ्टवेअर वापरतो हे कोल्हापुरात कुणाला सांगू नये. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘सॉफ्टवेअर फुकट, लाईट बिल काका भरत्यात, मग पैसं कशाचं?’ कानाचे पैसे असं म्हणून बघितलं, पण आमच्या पेठेत कान सगळ्यांनाच आहेत आणि सगळ्यांचेच तयार आहेत.

तर यंदा एका तालमीचं गणपतीचं गाणं आलं. रेकॉर्डिंग झालेलं, मिक्सिंग झालेलं, फक्त मास्टरिंगचा शेवटचा हात फिरवायचा होता. माझं सगळं काम लिनक्सवर, आर्डर नावाच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. हे आर्डर ज्या पॉल डेव्हिसनं सुरू केलं तो अमेझॉनच्या अगदी पहिल्या प्रोग्रामरपैकी एक, ते सोडून गडी आवाजाच्या नादाला लागला, असं मी काकांना कौतुकानं सांगितलं तर काका म्हणाले, ‘म्हंजे चांगली नोकरी सोडली. तुमी सगळे सारखेच.’

बरं, मास्टरिंगला खोली मेलेली लागते, भिंतीवर आपटून आवाज परत आला नाही पाहिजे. लोक महागाचे फोम लावतात, मी आईच्या वाकळा टांगल्यात. वाकळ वरचा चिरका आवाज बऱ्यापैकी खाते, खालचा बास मात्र तिला जुमानत नाही, तो कोपऱ्यात जाऊन साठतो. आणि आईला नेमकं कामाच्या दिवशी वाकळा धुवायचं सुचतं, मग माझा सगळा अकूस्टिक ट्रीटमेंट गच्चीवर वाळत असतो आणि मी खोलीत टाळी वाजवून किती घुमतंय ते बघत बसतो.

त्यात गाण्यात हलगी. हलगी मास्टरिंगवाल्याचा जीव घ्यायलाच जन्माला आलीय. काडी पडली की मीटर एका झटक्यात शून्याला टेकतो आणि लगेच खाली, आणि डिजिटलमध्ये शून्याच्या वर काही नाही, तिथं आवाज तुटतोच. मग लिमिटर लावायचा. तो पुढचं थोडं आधीच बघून ठेवतो आणि फटका यायच्या आत आवाज दाबून घेतो. जरा दाबला तर कुणाला कळत नाही, जास्त दाबला की ‘तडाड’चं ‘थप’ होतं, जाळावर शेकून ताणलेली हलगी पावसात भिजल्यागत वाजायला लागते.

रात्री कमिटी ऐकायला आली. हलगीवाल्या दादाला हलगी वर पाहिजे, गायकाला आवाज वर पाहिजे, खजिनदारांना बास पाहिजे (त्यांच्या मोबाईलवर, ज्याच्या स्पीकरमधून बास निघतच नाही, तिथं सॅच्युरेशन देऊन बासच्या वरच्या पट्टीतल्या सावल्या तयार कराव्या लागतात, म्हणजे कानाला वाटतं खाली काहीतरी हाय). मी सांगतोय की बाबांनो माझ्याकडं डावा आणि उजवा एवढे दोनच चॅनल आलेत, सगळं त्यात एकत्र झालंय, गायकाला वर काढायला गेलो तर त्याच पट्टीतली हलगी पण वर येणार. यावर गायक म्हणाला, ‘मग हलगीवाल्याला जरा हळू वाजवायला सांगायचं हुतं.’ पुढची पंधरा मिनिटं माझ्या खोलीत मास्टरिंग सोडून सगळं झालं.

मग आकड्यांवर आलो, म्हणजे गाणं सरासरी किती मोठ्यानं वाजतंय ते मोजणाऱ्या लफ्सवर. मी कमिटीतल्या आण्णांना म्हटलं, ‘आण्णा, ऑनलाईनला मायनस चौदा लफ्सच्या आसपास ठेवूया.’

‘मायनस? आमाला मायनस काय नगो.’

‘तसं नसतंय ओ. शून्य हे छत, आपण त्याच्या खाली.’

‘पल्याडच्या तालमीचं किती हाय?’

मोजून दाखवलं, मायनस सात. झालं. आण्णांनी पेठेची इज्जत काढली. ‘आपलं मायनस पाच कर.’ मी समजावलं की युट्यूब मोठ्या आवाजाचं गाणं स्वतःच मायनस चौदापर्यंत खाली ओढतंय, त्यांचं सात डेसिबलनं उतरणार, आपलं नऊनं, म्हणजे शेवटी दोघं एकाच पातळीला येणार, फक्त आपल्या हलगीचा भुगा झालेला असणार. आण्णा शांतपणे म्हणाले, ‘आपला आवाज कमी करणारा कोण त्यो? नंबर दे त्याचा.’

आता खरं काम करणारे प्लगिन (म्हणजे आर्डरला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं) दिसायला भिकार असतात हे माझं ठाम मत आहे. एअरविंडोजचे शेकडो प्लगिन आहेत, सगळे ओपन सोर्स, पण तोंडावर नुसत्या पट्ट्या, चित्र नाही की लाईट नाही. ते उघडले की कमिटीचा चेहरा पडतो, ‘एवढंच व्हय?’ उलट काल्फचे प्लगिन म्हणजे लोखंडी रॅकमधल्या मशीनी, चकाकणारी बटणं, हलणारे काटे. म्हणून मी स्क्रीनवर काल्फ आणि एलएसपी या दुसऱ्या प्लगिनसंचाचा रंगीत ॲनालायझर उघडा ठेवला, खालून काम एअरविंडोज करत होतं. खजिनदार त्या हलणाऱ्या रेघांकडं बघून म्हणाले, ‘आता कसं भारी वाजतंय.’ मी अजून काहीच बदललं नव्हतं.

शेवटी बऱ्याच मारामारीनंतर मायनस अकरावर तह झाला, ट्रू पीक (म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक) मायनस एक, हलगी जिवंत. फाईल पाठवून झोपलो.

सकाळी बघतो तर अख्ख्या पेठेच्या स्टेटसला गाणं लागलेलं, पण माझी फाईल नव्हे. रात्री कुणीतरी माझ्या खोलीत स्पीकरसमोर मोबाईल धरून केलेलं रेकॉर्डिंग, अर्धवट लिमिटर, मागं कमिटीची भांडणं, मध्येच आईच्या कुकरची शिट्टी. खाली बदाम आणि ‘नाद खुळा’चा पाऊस. दुपारी आण्णांचा फोन.

‘भावा, हेच फायनल करूया. लाईव्ह वाटतंय. आणि ती शिट्टी कुठल्या प्लगिननं काढलीस रं?’