‘फक्त इस्राएलाकडे जा’ या मेसेजबद्दल खुलासा

बेळगाव-खानापूर-निपाणीच्या मराठी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकात, १०:५-६ मध्ये, येशू शिष्यांना परराष्ट्रीयांकडे (म्हणजे यहुदी नसलेल्यांकडे) जायला मनाई करतो, म्हणजे २८:१९ मधली सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा मागाहून घुसडलेली.

हे चूक आहे. चौथ्या शतकातल्या सिनाई हस्तलिखितातही (बायबलच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी एक) ती आज्ञा आहे. मनाई बारा जणांच्या त्या दौऱ्यापुरती होती; आज्ञा येशूच्या पुनरुत्थानानंतरची, म्हणजे तो मेलेल्यांतून उठल्यानंतरची. शिवाय त्याच दहाव्या अध्यायात, १८व्या वचनात, परराष्ट्रीयांपुढे साक्ष देण्याचा उल्लेख आहे. मेसेजमध्ये नेमका तोच गाळलाय, याचं वाईट वाटतं.

यहुदी आणि परराष्ट्रीय यांच्यावरून ताण मात्र खराच होता, तो आपणही झाकू नये. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, यावर यरुशलेमेत मोठा वाद झाला. बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, अध्याय १५ मध्ये तो सविस्तर आहे.